शनिवारी येणारी चिठ्ठी

बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव उल्हास नदीत सोडले, आणि देवांबरोबर भुतंही सोडली, असं ते आम्हाला ऐटीत सांगायचे. मी त्यानंतरची. त्यामुळे दहिवलीच्या आमच्या घरात दृष्ट काढणं नव्हतं, तिन्हीसांजेला चिंचेखालून जायला बंदी नव्हती, आणि अमावस्या म्हणजे नुसती काळोखी रात्र. शाळेतल्या मैत्रिणी विहिरीला घाबरायच्या, मी फिदीफिदी हसायचे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं ऐंशी सालानंतर, खालापुरातल्या एका कारखान्यात, भर दिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात मी एका गेलेल्या माणसाला अशी घाबरले की माझ्या हातातला कप निसटला.

कारखाना तारा ओढायचा. नाव सांगत नाही. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. कर्जतहून खोपोलीची शटल पकडायची, उतरून रिक्षाचा पत्ता नसेल तर चालायचं. मग कंपनीनं कॉम्प्युटर आणला आणि टायपिंगचा वेग बघून मला त्याच्या खोलीत बसवलं. आजच्यासारखा टेबलावर मावणारा नव्हता तो. कपाटाएवढा लोखंडी डबा, त्याच्या पोटात ताटाएवढ्या चकत्या, बाजूला फितीची रिळं, आणि समोर हिरव्या अक्षरांचा पडदा. चित्र नाही, काही नाही. तुम्ही हुकूम लिहायचा, तो करायचा. एक अक्षर चुकलं की ढिम्म हलायचा नाही, आणि कधी कधी न चुकताही भलतंच करून ठेवायचा. साऱ्या कारखान्यात तेवढीच एक गार खोली, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत जो तो काहीतरी निमित्त काढून आत डोकवायचा.

या यंत्राचं रोजचं एक काम होतं. सकाळी ते प्रत्येक कामगाराच्या नावाची चिठ्ठी छापायचं. नाव, खातं, पाळी. त्या चिठ्ठ्या गेटवरचे मामा घेऊन जायचे. मामा म्हणजे गेटकीपर, लष्करातून आलेले, मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. ते प्रत्येक चिठ्ठीवर रबरी शिक्क्यानं तारीख मारायचे आणि गेटजवळच्या लांब फळीवर प्रत्येकाच्या ठरलेल्या खिळ्याला अडकवायचे. कामगार आला की आपल्या खिळ्यावरची चिठ्ठी काढून खात्यात द्यायचा. चिठ्ठी नाही, तर आत प्रवेश नाही. असा कडक कायदा होता.

त्या काळात विजेच्या टंचाईमुळं कारखान्यांना आठवड्यातून एक दिवस वीज बंद ठेवावी लागायची. आमचा दिवस शुक्रवार. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी यंत्र झोपायचं आणि शनिवारी सकाळी उठायचं. मधेच वीज गेली की त्याच्या पोटातल्या काही गोष्टी खराब व्हायच्या, म्हणून मुंबईहून आलेल्या इंजिनियरनं एक रीत घालून दिली होती. यंत्र लावून देताना त्यानं सगळ्या कामाची एक प्रत एका रिळावर भरून ठेवली होती. शनिवारी यंत्र सुरू झालं की ते मूळ रीळ चढवायचं, एक हुकूम लिहायचा, म्हणजे जे हरवलं असेल ते रिळावरून परत येईल. आणि जे नंतर बदललं असेल, ताजं असेल, त्याला धक्का लागणार नाही. असं तो म्हणाला, आणि आम्ही मान डोलावली.

हे सगळं करायला थोरला ऑपरेटर होता. तो खोपोलीचा. भला माणूस, पण नाकावर राग. मी शनिवारी यायचे ती यंत्र सुरू झाल्यावर, म्हणजे पूजा झाल्यावर. त्याची शनिवारी यंत्राची पूजा असायची, उदबत्ती, हळदकुंकू, नारळ. मला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. मीच त्या वेळी कँटीनमध्ये चहा घेत बसायचे, आणि तोही उदबत्ती संपल्यावर मला बोलावणं पाठवायचा. दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

त्या वर्षी भादव्यात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचा एक कामगार पाताळगंगेत वाहून गेला. पहिल्या पाळीहून सुटला, नदीवरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं, बरोबरचे थांबले, हा सायकल खांद्यावर घेऊन उतरला. सायकल सापडली, खाली एका बाभळीत अडकलेली. माणूस सापडला नाही. पोलिसांनी, गावच्या पोरांनी, कोळ्यांनी नदी पालथी घातली. कंपनीनं थोडे दिवस वाट बघितली आणि मग मला सांगितलं की त्याचं नाव काढ. मी काढलं. चार अक्षरं पुसायला कितीसा वेळ लागतो! पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी चहाचा कप घेऊन खोलीत आले. छपाईचं यंत्र खडखडत होतं, चिठ्ठ्या बाहेर पडत होत्या, मी त्या फाडून गठ्ठा करत होते. त्याच्या नावाची चिठ्ठी आली. नाव, खातं, पाळी पहिली. कप निसटला तो तेव्हा.

थोरला ऑपरेटर म्हणाला, तुम्ही नीट काढलं नसेल. मी म्हटलं, माझ्या हातांनी काढलंय, सोमवार ते गुरुवार त्याची चिठ्ठी आली होती का? नव्हती आली. आम्ही दोघं वाद घालत होतो तेवढ्यात मामा गठ्ठा घेऊन गेलेसुद्धा, आणि हाताच्या सवयीनं त्यांनी शिक्का मारून ती चिठ्ठी त्याच्या खिळ्यावर लावली. पहिली पाळी आत गेली. त्या पाळीचे सगळे खिळे रिकामे झाले आणि ती एकटी चिठ्ठी राहिली. तिला कुणी हात लावेना. येणारेजाणारे तिच्याकडे बघून पायाखाली बघायचे. मामांनी ती संध्याकाळी उतरवली खरी, पण फाडली नाही. माणसाच्या नावाचा कागद फाडू नये, म्हणाले, आणि खिशात घातली.

मी ते नाव पुन्हा पुसलं. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आलं. मग दर शनिवारी यायला लागलं. आठवडाभर नाही, फक्त शनिवारी. आणि दर शनिवारी दुपारी त्याला पुसायचं काम माझ्याकडे. मला स्वप्नं पडायला लागली, की मी बोट दाबतेय आणि पाण्याखालून कुणीतरी वर बघतंय. भुतं नसतात, नसतात, असं मी शटलमध्ये मनात घोकत यायचे. आता सांगायला हसू येतं, तेव्हा रडू यायचं.

बातमी काय लपून राहते? नदीपलीकडच्या त्याच्या गावात ती पोचली, आणि एका शनिवारी त्याची बायको गेटवर येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची. हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मामांनी बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही. मामा एकेक चिठ्ठी शिक्का मारून लावत गेले, ती बघत राहिली. नवऱ्याचा खिळा तिला माहीत होता, कसा काय कोण जाणे. चिठ्ठी लागली तशी तिनं पदर सावरला, आणि पाळी सुरू होऊन भोंगा होईपर्यंत फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मग निघून गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली.

तिच्या घरचं मामांनी मला सांगितलं. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. दीर त्याची घाई करत होते. दिवस वाढत चाललेत, भावाला गती नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ही आडवी आली होती. कारखान्यात त्याचं नाव अजून लागतंय, म्हणायची, ज्याचं नाव लागतंय त्याला जाळता कसा? जोवर चिठ्ठी येतेय तोवर एक पान तोडू देणार नाय. गावात काहीजण तिला वेडी म्हणायला लागले होते, आणि काहीजण शनिवारी आमच्या रस्त्यानं जायचं टाळायचे.

म्हणजे बघा, एका बाईनं आपण सवाष्ण की विधवा हे आमच्या त्या मेल्या डब्यावर सोडून दिलं होतं. आणि डबा का असं करतोय हे आम्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तकं आली होती, विटांसारखी जाड. त्यांतलं त्या रिळाच्या हुकमाचं पान आम्ही काढलं. हुकमापुढं आडवी रेघ मारून एक बारकं अक्षर लिहायची सोय होती, यू. त्याबद्दल एवढंच छापलं होतं, की हे अक्षर लिहिलं तर नक्कल बिनशर्त होते, आणि एरवी जुनी फाइल त्याच नावाच्या नव्या फाइलची जागा घेत नाही. बस्स. पुढं दुसरं अक्षर सुरू. बिनशर्त म्हणजे काय? थोरला ऑपरेटर म्हणाला, बिनशर्त म्हणजे बिनधोक, तेव्हा ते अक्षर लिहायलाच हवं होतं, आपण लिहीत नाही म्हणून हा घोळ. मी म्हटलं, उलटं आहे, ते लिहिलं तर रिळावरचं जुनं थेट डोक्यावर येऊन बसेल. मुंबईला फोन लावला. इंजिनियर म्हणाला, अक्षर लिहू नका, नवं सुरक्षित राहतं, पुस्तकात स्पष्ट दिलंय. कप्पाळ स्पष्ट! आम्ही एक शनिवार अक्षर न लिहिता केला, तो आला. एक शनिवार अक्षर लिहून केला, तरी तो आला. लिहा नाहीतर न लिहा, गठ्ठ्यात त्याची चिठ्ठी असायचीच. त्यानंतर थोरल्या ऑपरेटरनं डब्याला लिंबू-मिरची बांधली, आणि खरं सांगते, मी काही बोलले नाही.

भीतीपेक्षा मोठी अडचण म्हणजे जिवंत माणसं. दिवाळीनंतर कंपनीनं नवीन माणसं घेतली. त्यांची नावं मी यंत्रात घातली. शनिवारी त्यांच्या चिठ्ठ्याच आल्या नाहीत. मेलेल्याची आली, जिवंतांची नाही. ती पोरं लांबून चालत आलेली, कायद्यानं त्यांना गेटवरून परत पाठवलं. त्यातला एकजण जाता जाता त्या एकट्या चिठ्ठीकडे बघून मामांना म्हणाला, "त्यो नाय तर त्याला घेता, आमी हाय तर आमाला नाय?" त्या दिवशी माझी भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. राग बरा असतो, रागानं माणूस कामाला लागतो.

मी त्या पानाला चिकटले. जुनी नव्याची जागा घेत नाही, बरोबर. पण कुठलं जुनं आणि कुठलं नवं हे ठरवतो कोण? पुस्तक त्यावर मूग गिळून बसलं होतं. मी दुसऱ्या पुस्तकात शोधून फाइलींची वयं बघायचा हुकूम काढला आणि यंत्राला विचारलं. पडद्यावर उत्तर आलं ते मी तीनदा वाचलं. नावांची फाइल मी आदल्या दिवशी बदललेली, आणि यंत्र म्हणत होतं की ती कित्येक वर्षांपूर्वीची आहे. मी नोकरीला लागण्याच्याही आधीची. हे यंत्र खालापुरात येण्याच्याही आधीची! मग रिळावरची प्रत तिच्यापुढं ताजीच ठरणार. यंत्र आज्ञाधारकपणे जुनं टाकून नवं घेत होतं. फक्त त्याच्या लेखी जुनं म्हणजे आमचं कालचं काम, आणि नवं म्हणजे ज्या दिवसांत तो माणूस जिवंत होता ते दिवस.

याचा अर्थ यंत्राला आज कोणता दिवस आहे हेच ठाऊक नव्हतं. ते उठल्यावर तारीख विचारतं आणि आपण ती लिहायची असते, असं पुस्तकात होतं. मी थोरल्या ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, विचारतं की, आम्ही लिहितो की.

त्या शनिवारी मी चहाला गेले नाही. पूजेच्या वेळी दाराशी जाऊन उभी राहिले. त्याला ते अवघड वाटलं, मलाही वाटलं. त्यानं यंत्र सुरू केलं. पडद्यावर तारखेचा प्रश्न आला. त्यानं हात जोडले आणि रोमन अक्षरांत लिहिलं, श्री. यंत्रानं एक ओळ कुरकुर केली आणि पुढं गेलं. त्यानं उदबत्ती लावली. मग खाली, त्याच्या समजुतीनं, तारीख लिहिली. पण प्रश्न केव्हाच निघून गेला होता, आणि ती तारीख म्हणजे यंत्राला न कळणारा एक भलताच हुकूम, तोही यंत्रानं कुरकुर करून सोडून दिला. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की ते आपल्या जन्माच्या तारखेवर जाऊन बसायचं आणि आठवडाभर तिथंच राहायचं. भादव्यापर्यंत नावांत काही बदललंच नव्हतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घोडं इथं पेंड खात होतं. आपल्याकडे कोऱ्या कागदावर पहिला शब्द श्री. लग्नपत्रिका असो, दुकानाची वही असो, शाळेतली पाटी असो. त्यानं यंत्राच्या कोऱ्या पडद्यावर तेच केलं होतं, मनोभावे. जगातल्या दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. आणि ती माझ्या नजरेस पडली नाही, कारण श्री लिहिला जात असताना मी कँटीनमध्ये.

आता हे सांगायचं कसं? मी सांगितलं आणि व्हायचं तेच झालं. तो लालबुंद झाला. म्हणाला, "तुमाला आमचा देव नडतो होय?" मलाही चढलं. मी म्हटलं, देव नडत नाही, तो जिथं लिहिता ती जागा नडते. तो म्हणाला, पहिला शब्द दुसरा होणार नाही, मी असेपर्यंत नाही. आणि जेवणाचा डबा उचलून निघून गेला. मी तिथंच बसून राहिले. मला इतका संताप आला होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकीकडे ती गेटवर उभी असलेली बाई, एकीकडे परत गेलेली पोरं, आणि मधे हा.

मग मी एक फुलस्केप कागद घेतला. त्या हुकमाचा आणि त्या बारक्या अक्षराचा खुलासा मराठीत लिहून काढला. सुरुवात अशी, की यंत्राला खरं जुनं-नवं कळत नाही. ज्या दिवशी फाइलीला शेवटचा हात लागला तो दिवस, आणि तोही यंत्राला जो वाटला तो, एवढंच त्याला कळतं. अक्षर न लिहिता हुकूम दिला तर रिळावरचं तेव्हाच येईल जेव्हा यंत्राच्या मते ते नवं असेल. अक्षर लिहिलं तर ते काही न बघता येईल, म्हणून ते लिहू नये. आणि या सगळ्याआधी तारीख. ती चुकली तर अक्षर लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सारखंच. सगळं लिहून झालं. मग कागदाच्या वर, मधोमध, मी स्वतःच्या हातानं लिहिलं, श्री.

बाबांच्या घरात वाढलेल्या मुलीनं लिहिलेला तो पहिला आणि शेवटचा श्री. सोपं नव्हतं. मी तो कागद पडद्याच्या माथ्यावर चिकटवला. थोरला ऑपरेटर जेवून आला, त्यानं वाचला. बराच वेळ वरच्या शब्दाकडे बघत राहिला. मी म्हटलं, "पहिला शब्द लिहून झालाय. आता खाली तारीख घाला." त्यानं यंत्र बंद करून पुन्हा लावलं, आणि प्रश्न आल्यावर तारीख घातली. नंतर मला म्हणाला, ताई, चहा मागवू का? मी संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. ते पेपर वाचत राहिले. पण रागावले नाहीत.

तारीख बरोबर झाल्यावर मी नावांची फाइल उघडली, नव्या माणसांची नावं घातली, त्याचं पुसलं आणि ठेवून दिली. आता वय बघितलं तर आजचं. म्हणजे पुढच्या शनिवारी तो येणार नव्हता. आणि ती येणार होती.

ते मला सहन होईना. शुक्रवारी कारखाना बंद, मी तिच्या गावी गेले. अंगणात थोरला दीर दोरी वळत बसला होता. मी कारखान्यातून आले म्हटल्यावर म्हणाला, "बाई, तुमच्या कंपनीनंच त्याला अजून जिता ठेवलाय." ती आत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. फिती, रिळं, फाइली, यातलं काय सांगायचं? मी म्हटलं, असं समज, घरात एक म्हातारी आहे. तिला सांगून ठेवलंय, शिळी भाकरी टाक, ताजी वाढ. पण तिला आज वार कुठला हेच कळत नाही. मग ती आजची भाकरी शिळी म्हणून टाकते, आणि कधीची जुनी उचलून ताजी म्हणून ताटात वाढते. आमचं यंत्र ती म्हातारी. आता तिला वार समजलाय.

ती तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी शिळं खात होते."

मी मानेनंच हो म्हटलं. तिनं विचारलं, उद्या येणार नाय? मी म्हटलं, नाही येणार, तू येऊ नको. त्यावर ती म्हणाली, मी येईन, मोकळा खिळा मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय, त्याबिगर मी यांना पानं तोडा म्हणणार नाय. मला पाणी दिलं, चहा करू का विचारलं. मी नको म्हटलं आणि निघाले. वाटेत फरशी लागते. पाणी घोट्याएवढं होतं, तरी मी चपला हातात घेऊन, जीव मुठीत धरून ती ओलांडली. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. यंत्राचं कारण कळलं होतं, तरी भूत गेलं नव्हतं. ते मलाच चिकटलं होतं बहुतेक.

शनिवारी थोरल्या ऑपरेटरनं तारीख घातली. रीळ फिरलं. चिठ्ठ्या छापल्या, मी एकेक बघितली. नव्या पोरांच्या होत्या. त्याची नव्हती. गठ्ठा घेऊन मी स्वतः मामांना दिला आणि पुन्हा वर आले, कारण तिच्या समोर उभं राहायची माझी छाती नव्हती. पण खिडकीतून गेट दिसायचं. ती आली. नेहमीच्या जागी उभी राहिली. थोड्या वेळानं मला दिसलं की त्याच्या खिळ्यावर चिठ्ठी आहे.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. गेटवर गेले तर मामा माझ्याकडे बघेनात. तेव्हा समजलं. त्यांनी आजवर न फाडलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक खिशातून काढून लावली होती. त्यांना तिचं तोंड बघवलं नव्हतं. आणि मी काही बोलणार, तेवढ्यात ती फळीजवळ गेली. वाचता येत नव्हतं तिला. तिनं चिठ्ठी काढली नाही, नुसतं शिक्क्यावर बोट ठेवलं, मग शेजारच्या खिळ्यावरच्या चिठ्ठीच्या शिक्क्यावर ठेवलं आणि बोट बघितलं. शेजारच्या शिक्क्याची जांभळी शाई तिच्या बोटाला लागली होती, त्याच्या चिठ्ठीवरची केव्हाच वाळलेली. इतके शनिवार तिनं मामांना शिक्के मारताना बघितलं होतं.

तिनं त्याची चिठ्ठी खिळ्यावरून काढली आणि मामांच्या हातात दिली. तिचा आवाज चढला नाही.

"मामा, आता नका लावू. त्याला एकदाच मरू द्या."

मामा रडायला लागले. मिशा पांढऱ्या झालेला माणूस सगळ्या पहिल्या पाळीसमोर हुंदके देऊन रडत होता, आणि तीच त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. मग ती फाटकाबाहेर गेली. या खेपेला भोंग्यासाठी थांबली नाही, सरळ गावाच्या वाटेला लागली. मी तिच्या मागून रस्त्यापर्यंत गेले, हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची तेच मला सुचेना.

संध्याकाळी नदीपलीकडे धूर दिसला, असं कुणीतरी सांगितलं. मी बघितला नाही.